शँडलिंगच्या वह्या

रविवार, रात्री साडेअकरा.

अमेरिकन विनोदवीर गॅरी शँडलिंगवरच्या, दिग्दर्शक जड ॲपटाऊ यांच्या 'द झेन डायरीज ऑफ गॅरी शँडलिंग' या २०१८ च्या माहितीपटाचा दुसरा भाग आज पाहून झाला, आणि झोप लागेल असे वाटत नाही म्हणून वही उघडली आहे.

विनोदवीर आतून दुःखी असतो, असे आपण इतक्या सहज म्हणतो की ते दुःख नेमके कशाचे, हे विचारायचेच राहून जाते. इथे ते कळते. ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये वाढलेल्या गॅरीचा थोरला भाऊ बॅरी सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराने गेला तेव्हा गॅरी दहा वर्षांचा होता, आणि त्याला अंत्यविधीला नेले गेले नाही.

पुढचा प्रवास सर्वज्ञात आहे: दूरचित्रवाणी मालिकांचे लेखन, १९७७ मधला जीवघेणा मोटार अपघात, त्यातून उठल्यावर धरलेला स्टँड-अपचा रंगमंच, आणि १९९२ ते १९९८ या काळातली त्याची विनोदी मालिका 'द लॅरी सँडर्स शो'. मला मात्र या यशापेक्षा त्याच्या वह्यांची पाने अधिक महत्त्वाची वाटली. तो कित्येक वर्षे रोजनिशी लिहीत होता. रंगमंचावर अभिनय करू नकोस, तू जसा आहेस तसाच लोकांसमोर उभा राहा, अशा अर्थाच्या सूचना तो स्वतःलाच पुन्हा पुन्हा देतो. हजारो लोकांना हसवणाऱ्या माणसाला स्वतःसारखे असणे इतके अवघड जावे, हे ते हस्ताक्षर पडद्यावर दिसत असताना मला सहन होईना.

मी नऊ वर्षांचा असताना आजी गेली. मला सकाळीच शेजारच्या काकूंकडे पाठवले. त्यांनी पोहे दिले आणि मी ते सगळे खाल्ले. दुपारी घरी आलो तेव्हा आजीची खाट उचललेली होती आणि तिच्या जागी फरशीवर एक पणती तेवत होती. ती कशासाठी, हे मी कोणालाही विचारले नाही. मोठ्यांनी ते मायेपोटीच केले असणार, याविषयी मला शंका नाही, आणि शँडलिंगच्या आईविषयीही मी वेगळे काही म्हणणार नाही; पण त्या दिवशी ज्या मुलाला बाजूला ठेवले जाते, त्याचा निरोप घ्यायचा राहतो, तो राहतोच.

शँडलिंग २०१६ च्या मार्चमध्ये, सहासष्टाव्या वर्षी गेला. त्याच्या कागदांमध्ये बॅरीला लिहिलेले पत्र सापडले. लहानपणी जे बोलता आले नाही ते पन्नासहून अधिक वर्षांनी वाचायला मिळते, आणि ॲपटाऊ ते आपल्यासमोर ठेवतात.

उद्या सकाळी आईला फोन करून त्या पणतीविषयी विचारणार आहे.