तुम्ही विचारलंत म्हणून: या पोरींना आकडे कशाला?

बीड जिल्ह्यात किशोरी गटांबरोबर काम करते म्हटलं की हा प्रश्न येतोच: "सर्व्हे सरकार करतं, औषधं डॉक्टर देतात, मग आठवी-नववीच्या पोरींच्या हातात टक्केवारी देऊन काय होणार?"

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५७ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. नुसता आकडा ऐकून मुली गप्प बसल्या. मग त्या दहा-दहाच्या ओळीत उभ्या राहिल्या आणि प्रत्येक ओळीतून सहाजणी पुढे आल्या. त्यांतल्याच एकीने विचारलं, "मग दर सोमवारी शाळेत मिळते ती लोहाची निळी गोळी जाते कुठं?"

इतका नेमका प्रश्न मोठ्यांच्या बैठकीत मी क्वचितच ऐकलाय. मुलींनी स्वतः चिठ्ठी तयार केली: लोहाची गोळी खाल्ली का, उपाशीपोटी की जेवून, नसेल खाल्ली तर तिचं काय केलं? चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही हेही त्यांनीच ठरवलं, आणि सगळं काम त्यावरच तरलं. "मला चक्कर येते" हे घरात बोलायची चोरी असते. आजारी पोरीचं लग्न कसं जमणार, असं लगेच ऐकावं लागतं. गावाचा आकडा मांडताना कुणा एकीवर बोट येत नाही.

चिठ्ठ्या उघडल्यावर कारण साधंच निघालं. शाळेत गोळी सकाळी परिपाठाला मिळायची, बऱ्याचजणी काही न खाता आलेल्या, मळमळतं म्हणून गोळी खिडकीबाहेर. मुली ही बेरीज घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या. आता गोळी मधल्या सुट्टीत, जेवणानंतर मिळते. जेवणावर लगेच चहा घेतला तर लोह अंगी कमी लागतं, लिंबू-आवळ्याने जास्त लागतं, हेही त्याच घरोघर सांगतात.

चिठ्ठीतला शेवटचा प्रश्न एकीने हट्टाने घातला होता: तुमच्या घरात शेवटी कोण जेवतं? त्याची उत्तरं ग्रामसभेत वाचली तेव्हा पुढच्या रांगेतली मंडळी खाली बघायला लागली. मागून एक आजी म्हणाल्या, "वाच गं, मोठ्यानं वाच."

मुलांना प्रभातफेरीत फलक धरायला लावून त्याला सहभाग म्हणणं मला पटत नाही. काय विचारायचं हे ठरवणं त्यांच्या हातात हवं.

सध्या त्यांनी वेगळीच यादी केली आहे. दिवाळीनंतर आई-बापाबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या मुली शाळेच्या वाटपातून सुटतात आणि अंगणवाडीच्याही. गाड्या निघायच्या आत हंगामभराच्या गोळ्या त्यांच्या सामानात बांधून द्या, अशी मागणी मुलींनी आरोग्य उपकेंद्रात केली. होकार मिळालाय. वाटपाला गावच्या आशा स्वयंसेविकांबरोबर त्याच फिरणार आहेत.