बुळबुळीतपणाच्या बाजूने

मासा हातातून निसटतो तो अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे, आणि त्या थराला नाक मुरडण्याची आपली जुनी खोड आहे. मला मात्र अलीकडे त्याच्याविषयी आदर वाटू लागला आहे. आपल्या कातडीचा वरचा थर मृत पेशींचा, कोरडा असतो. माशाची कातडी अगदी बाहेरच्या पेशीपर्यंत जिवंत असते, आणि ज्यांना आपण चिलखत समजतो ते खवलेसुद्धा तिच्या पातळ पापुद्र्याखाली दडलेले असतात. जंतूंनी भरलेल्या पाण्यात असे उघडे अंग घेऊन आयुष्य काढायचे, तर पहारा अंगाबाहेरच बसवायला हवा.

तो या चिकट द्रवातल्या प्रतिपिंडांनी, म्हणजे जंतूंना ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनांनी, बसवला आहे. रक्तात आयजीएम या प्रकारच्या प्रतिपिंडाचा दबदबा असतो, पण कातडीवर कारभार पाहते ते आयजीटी हे दुसऱ्या प्रकारचे प्रतिपिंड. ते रेनबो ट्राउट या थंड पाण्यातल्या माशात सापडल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणणारा परजीवी ट्राउटच्या कातडीत शिरला, की त्याच्याविरुद्धचे आयजीटी या बुळबुळीत थरात आणि आयजीएम मुख्यतः रक्तात आढळते, अशी कामाची वाटणी २०१३ मध्ये दिसून आली. गंमत म्हणजे कातडीवर बिनबोभाट नांदणाऱ्या अनेक जीवाणूंभोवतीही आयजीटीचे वेष्टन असते. म्हणजे हा पहारेकरी नुसता चोर पकडत नाही, घरातल्या मंडळींवरही नजर ठेवून असतो.

थंडीत मात्र हे सारे संथ चालते. माशाचे अंग पाण्याइतकेच गार, त्यामुळे पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला कित्येक आठवडे जातात. अर्थात त्याच गारठ्यात परजीवीचे जीवनचक्रही रेंगाळते, हे माशाचे नशीब म्हणायचे. अंटार्क्टिकाच्या गोठणबिंदूखालच्या समुद्रात राहणाऱ्या ट्रेमाटोमस बर्नाकी या माशाच्या आयजीटीमधून तर एका अख्ख्या घटकाचा बहुतेक भाग गळून गेला आहे, आणि तरीही ते प्रतिपिंड टिकून आहे.

सगळ्यात खट्याळ अटलांटिक कॉड हा मासा. प्रतिपिंडे नेमकी घडवण्यासाठी आवश्यक मानली जाणारी एमएचसी-२ ही यंत्रणाच त्याच्याकडे नाही, हे २०११ मध्ये त्याचा जनुकसंच वाचल्यावर कळले. त्याच्या रक्तात आयजीएम भरपूर असते, पण लस टोचली तर प्रतिपिंडांचा प्रतिसाद जेमतेमच मिळतो. एवढी उणीव घेऊनही तो उत्तर अटलांटिकच्या गार पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढतो आहे, आणि पाठ्यपुस्तकातला तो नियम आता थोडा दबक्या आवाजात सांगावा लागतो.