मागाचा खडखडाट आणि ३२४३

पेशीतील ऊर्जानिर्मिती हा माझ्या संशोधनाचा विषय असल्यामुळे माझी बहुतेक वर्षे उंदरांच्या यकृतातून तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रे) वेगळ्या काढण्यात आणि त्या किती वेगाने ऑक्सिजन वापरतात हे मोजण्यात गेली. रुग्ण माझ्यापर्यंत येतो तो नळीवरच्या चिठ्ठीपुरता. मे महिन्यातल्या त्या दुपारी मात्र सोलापूरच्या पूर्व भागातील एक आई आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन थेट प्रयोगशाळेच्या दाराशी आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलाला दोनदा अर्धांगवायूसारखे झटके येऊन गेले होते. मेंदूच्या डॉक्टरांनी रक्तातील लॅक्टेट तपासायला सांगितले होते आणि आमचाच आकडा होता ६.१, तो साधारण २ च्या आत असायला हवा. तंतुकणिकांचे काम अडले की पेशी ऑक्सिजनविना ग्लुकोज मोडू लागते आणि लॅक्टेट साचते, त्यामुळे निदान जवळजवळ झाल्यासारखेच वाटत होते. पण नमुना कसा घेतला हे विचारल्यावर माझा उत्साह ओसरला. मूल रडत होते, दंडाला पट्टा बराच वेळ आवळलेला होता, नळी साधी होती, बर्फ नव्हता आणि ती रिक्षातून उन्हात आली होती. लाल रक्तपेशींमध्ये तंतुकणिका नसतातच. त्यांचे सगळे भागते ते ग्लुकोजचे लॅक्टेट करण्यावर, आणि हे काम त्या नळीतही थांबवत नाहीत. चूक आमच्याच माणसांची होती. पट्टा न बांधता, पेशींचे हे काम रोखणाऱ्या फ्लोराइडच्या, करड्या झाकणाच्या नळीत, बर्फावर पुन्हा नमुना घेतला, तेव्हा आकडा आला २.७. जास्त खरा, पण छातीठोकपणे काही सांगावे असा नव्हे.

निकालाची वाट पाहत असताना मी त्या बाईंशी बोलत होते आणि प्रत्येक प्रश्न मला दोनदा विचारावा लागत होता. यंत्रमागाच्या गल्लीत राहणारी माणसे मोठ्याने बोलतात, ऐकू कमी येते, हे इथे कोणालाच नवल वाटत नाही. मी सहज म्हणाले, "अक्का, मागाच्या आवाजानं कान गेले का?"

"मी कुठं मागावर बसले मॅडम? मी विड्या वळते," असे म्हणून त्यांनी तंबाखूने पिवळसर झालेली बोटे पुढे केली. "माग भाऊ चालवतो. त्यालाही ऐकू येत नाही. आईलाही येत नव्हतं. आम्हा तिघांनाही साखर."

मी लेखणी खाली ठेवली. तंतुकणिकेचा स्वतःचा डीएनए १६,५६९ अक्षरजोड्यांचा, त्यात जनुके ३७, प्रथिनांची फक्त १३, आणि तो मुलांना मिळतो तो आईकडूनच. त्यातील ३२४३ क्रमांकाच्या जागी ए या अक्षराऐवजी जी आले तर एखाद्याला झटके येतात, तर त्याच घरातल्या दुसऱ्याला केवळ मधुमेह आणि बहिरेपणा येतो. या डीएनएच्या बिघडलेल्या प्रती कोणत्या अवयवात किती, यावर ते ठरते. आतल्या कानाला आणि इन्शुलिन सोडणाऱ्या पेशींना ऊर्जा फार लागते.

रक्तातील या बदलाचे प्रमाण वयाबरोबर घटत जाते, म्हणून मी दोघांचे रक्त आणि लघवीही मागितली. लघवीत उतरणाऱ्या पेशींत तो टिकून राहतो. निकाल आला तेव्हा आईच्या रक्तात तो जेमतेम दिसत होता, लघवीत मात्र ठळक होता. मुलाच्या दोन्ही नमुन्यांत होता. तेवढ्यावर न थांबता मी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, कारण बाई साखरेसाठी मेटफॉर्मिन घेत होत्या. ते औषध तंतुकणिकेच्या ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतील पहिल्याच टप्प्याला लगाम घालते आणि अशा रुग्णात लॅक्टेट धोकादायक पातळीला जाऊ शकते. डॉक्टरांनी औषध बदलले. मुलाच्या आजारावर मुळापासून उपाय नाही, हे मात्र बाईंना सांगावेच लागले.

पुढच्या रविवारी, माग बंद असताना, भाऊ आला. त्याचाही निकाल तोच आला. दोन मुलींच्या त्या बापाने विचारले, "पोरींना लागेल का?" कागदावर मोठ्या अक्षरांत मी लिहिले : नाही, हे बापाकडून जात नाही. त्याने तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.