डेवी, लीक आणि १ मार्च

वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला राहायला आलो त्या वर्षी "डेवी सान्त" हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं आणि मला सरळ "देवी संत" असंच ऐकू आलं. वेल्श भाषेत संताला सान्तच म्हणतात आणि डेवी म्हणजे डेव्हिड. वेल्सचा पालक संत, ६व्या शतकातला. १ मार्च ही त्याची पुण्यतिथी, परंपरेने साल ५८९ धरतात. जयंती नाही तर पुण्यतिथी साजरी करतात हे कळल्यावर मला तो एकदम जवळचा वाटायला लागला, आणि आपण आपल्या संतांना कसं एकेरीत बोलावतो, तसं मीही आता डेवीला एकेरीतच म्हणते.

त्याच्याबद्दल खरी माहिती फार कमी आहे. जे सांगतात ते बहुतेक ११व्या शतकाच्या शेवटी रिगिवार्ख नावाच्या माणसाने लॅटिनमध्ये लिहिलेल्या चरित्रातून आलंय, म्हणजे डेवी जाऊन पाचशे वर्षं झाल्यावर. त्यामुळे चमत्कार भरपूर, पण मला त्यातलं मठाचं वर्णनच जास्त आवडतं. त्या मठात नांगराला बैल लावायचे नाहीत, जू भिक्षूंनी स्वतःच्या खांद्यावर घ्यायचं, जेवायला भाकरी, मीठ आणि पाला, प्यायला फक्त पाणी. लॅटिनमध्ये त्याला अक्वाटिकस म्हणायचे, "पाणीवाला" म्हणा ना. काहीजण म्हणतात हे नाव पाणी पिण्यावरून पडलं, काही म्हणतात तो थंड पाण्यात गळ्यापर्यंत उभा राहून स्तोत्रं म्हणायचा त्यावरून. डेवीचा मठ होता त्या पेम्ब्रोकशर भागातलं समुद्राचं पाणी मी मे महिन्यात पायाला लावून बघितलंय, घोटे बधिर झाले होते, म्हणून दुसरं कारण वाचलं की मला आधी ते घोटे आठवतात.

अजून एक गोष्ट आहे जी फारशी कोणी सांगत नाही. माडोम्नोक नावाचा त्याचा शिष्य मठातल्या मधमाश्या सांभाळायचा. तो आयर्लंडला परत जायला जहाजावर चढला तर सगळ्या माश्या उडून जहाजावर आल्या, त्याने परत आणून सोडल्या, त्या परत आल्या, आणि तिसऱ्या वेळी डेवीने सांगितलं की जा, घेऊन जा, आशीर्वादासकट. स्वतःच्या मठाचा मध गेला तरी चालेल पण त्यांना ज्याच्याबरोबर राहायचंय त्याच्याबरोबर राहू दे, हे मला त्याच्या सगळ्यात गाजलेल्या चमत्कारापेक्षा मोठं वाटतं.

गाजलेला चमत्कार म्हणजे लान्डेवी ब्रेव्हीचा. तिथे धर्मसभा भरली होती, गर्दीत मागच्यांना बोलणं ऐकू येईना, तर डेवीच्या पायाखालची जमीन वर आली, टेकडी झाली आणि एक पांढरं कबुतर येऊन खांद्यावर बसलं. चित्रात, काचेच्या खिडक्यांत डेवी ओळखायचा तो त्या कबुतरावरूनच. आणि गावाच्या नावातच तो आहे, लान म्हणजे चर्च, लान्डेवी म्हणजे डेवीचं चर्च.

शेजारच्या आजी अस्सल वेल्श बोलणाऱ्या आहेत. त्यांनी मला पहिल्याच वर्षी अभिमानाने सांगितलं की आमचा संत आमच्याच मातीतला. आणि ते खरंच आहे, इंग्लंडचा जॉर्ज परंपरेने कप्पाडोकियाचा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, स्कॉटलंडचा अँड्र्यू गॅलिलीतला, आयर्लंडचा पॅट्रिक ब्रिटनमधून गेलेला. चौघांत डेवी एकटाच आपल्याच देशात जन्मलेला. आई नॉन, तिच्या नावाची विहीर आणि पडक्या चॅपलच्या भिंती अजून समुद्राच्या कड्यावर आहेत, तिथेच वादळात त्याचा जन्म झाला असं मानतात.

तिथून जवळच सेंट डेव्हिड्स, डेवीच्या मठाच्या जागी वसलेलं. लोकसंख्या दोन हजारसुद्धा नाही, तरी ते शहर आहे, अख्ख्या युनायटेड किंगडममधलं सगळ्यात छोटं. १९९४ ला राणी एलिझाबेथने त्याला शहराचा दर्जा परत दिला. आम्ही गेलो तेव्हा रस्त्यावरून कॅथेड्रल दिसेचना, मला वाटलं चुकलो, आणि मग वेशीतून आत गेल्यावर ते एकदम खाली खोलगट जागेत दिसलं, जांभळट दगडाचं, आणि खाली उतरायला ३९ पायऱ्या. मंदिर म्हटलं की वर चढायचं ही सवय, इथे देवाकडे जायला उतरावं लागतं. मध्ययुगात पोप कॅलिक्स्टस दुसरे यांच्या काळापासून असं मानायचे की इथल्या दोन वाऱ्या म्हणजे रोमची एक, आणि तीन म्हणजे जेरुसलेमची एक.

मरायच्या आधीच्या रविवारी डेवीने शेवटचं प्रवचन केलं, आनंदात रहा, श्रद्धा सोडू नका आणि मला करताना पाहिल्यात त्या छोट्या गोष्टी करत रहा. "पेथाय बखाइन", छोट्या गोष्टी, हे शब्द इथे मगवर, पिशव्यांवर, शाळेच्या भिंतीवर सगळीकडे असतात.

आता लीक. कांद्याच्या पातीची थोरली बहीण म्हणा, जाड, पांढरी, वर हिरवी पानं. सॅक्सन लोकांशी लढताना आपले सैनिक ओळखू यावेत म्हणून वेल्श सैनिकांनी शिरस्त्राणात लीक खोवली अशी दंतकथा आहे. डॅफोडिल बरंच नंतर आलं, १९व्या शतकात लोकप्रिय झालं आणि ब्रिटनचे वेल्श पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्यामुळे आणखी पसरलं. गंमत म्हणजे वेल्शमध्ये लीकला केनहीनेन म्हणतात आणि डॅफोडिलला केनहीनेन बेदर, म्हणजे पीटरची लीक, म्हणजे नावाने दोघी एकाच घरातल्या. वेल्श पलटणीत आजही त्या दिवशी नव्या सैनिकाला कच्ची लीक खायला लावतात.

शाळेत त्या दिवशी मुली उंच काळी टोपी, शाल आणि चेक्सचा स्कर्ट घालून जातात, गाणी-कवितांची स्पर्धा असते, आणि सगळे एकमेकांना "डीध गुईल डेवी हापिस" म्हणतात. एवढं सगळं असून सुट्टी मात्र नाही! २००० साली वेल्श असेंब्लीने, म्हणजे इथल्या विधानसभेने, एकमताने मागणी केली, २००७ ला अर्ज गेला तो लंडनहून नाकारला गेला. २०२२ मध्ये ग्वनेथ या उत्तरेकडच्या भागाच्या काउन्सिलने स्वतःच्या कर्मचाऱ्यांना स्वतःच सुट्टी देऊन टाकली, ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. मला मनापासून वाटतं ही सुट्टी मिळायलाच हवी. मागच्या वर्षी लेकीचं गाणं होतं सकाळी दहाला आणि मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, ते गाणं मी नंतर फोनवर बघितलं.

तिने कापडाचं फूल नको म्हणून अख्खी खरी लीक सेफ्टी पिनांनी कार्डिगनला लावली होती, दोन पिना कमी पडल्या, तिसरी लावली. संध्याकाळी तीच लीक काउलमध्ये, म्हणजे इथल्या रश्शात, गेली. आजींनी शिकवलंय, लीकच्या पदरांत माती अडकलेली असते, म्हणून उभी चीर द्यायची आणि पानं सुटी करत नळाखाली उलटी धरायची म्हणजे माती खाली वाहून जाते. काउलमध्ये इथे मटण घालतात पण डेवी पाल्यावरच राहायचा म्हणून लेकीने हट्ट धरला की आज नको, मग नुसते बटाटे, गाजर, स्वीड (सलगमसारखा कंद) आणि लीक. तव्यावर वेल्श केक भाजले, मनुका घालून. चिरताना तिने कच्च्या लीकचा एक तुकडा तोंडात टाकला, डोळ्यात पाणी आलं, पण थुंकली नाही, गिळला आणि म्हणाली आता मी पलटणीत. कार्डिगनला तीन दिवस वास होता, तिने धुवायला टाकू दिलं नाही.