तुम्ही विचारलंत म्हणून: वेल्डिंगची डिग्री कायले?

"रॉड चिकटवाले तीन वर्षं कायले लागतात बे?" एस.टी. स्टँडवर, लग्नात, एकदा तर मयतीतही विचारून झालं आहे. मावसभाऊ आयटीआयचा एका वर्षाचा ट्रेड करून बुटीबोरीत कमावतो. त्याचा हात माझ्यापेक्षा साफ आहे, मान्य. कॉलेजात माझा पहिला बेंड टेस्टचा तुकडा वाकवताना कटकन मोडला, तेही सांगून टाकतो.

आधी मी म्हणायचो, कोराडी-चंद्रपूरच्या वीज केंद्रांत बॉयलरच्या नळीचा जोड एक्स-रेत पास व्हावा लागतो, तिथं नुसता हात पुरत नाही. खोटं नव्हतं. पण मी त्यासाठी बी.व्होक.ला, म्हणजे वेल्डिंगच्या या तीन वर्षांच्या डिग्रीला, गेलो नव्हतो.

बारावी झाली त्या वर्षी, कापसाच्या हंगामात, बाबा वावरात होते अन् आमच्या वेल्डिंगच्या दुकानात मी एकटा. गावातल्या एका काकांच्या ट्रॉलीचा हूक गेला होता. त्यांनी ट्रकच्या कमानीचा जुना पाटा आणला. "हा लाव, जिंदगीभर पाहाचं काम नाही." पावसाळ्यापासून उघड्या पडलेल्या पुडक्यातला साधा 6013 रॉड घेतला अन् हुकाला पाटा जोडला. जोड इतका देखणा की मी फोटो काढला. काकांना जिनिंगला नंबर लावायचा होता, ते सारखे घाई करून राहिले होते. म्हणून लाल जोडावर मी बादलीभर पाणी ओतलं.

तिसऱ्या दिवशी नाल्याच्या चढावर ट्रॉली सुटली. कापसावर बसलेल्या मजुरानं उडी मारली, पाय चाकाखाली आला. पाय राहिला, पण तो माणूस आजही डवऱ्यामागं चालू शकत नाही. तुटलेला तुकडा मी पाहिला. माझा जोड शाबूत होता, त्याच्या काठाला लागून पाटा काचेसारखा फुटला होता. बाबा चार लोकांत म्हणाले, "तो जोड मीच मारला होता." दवाखान्यापायी बैलजोडी गेली. मी गप्प बसलो. गावात अजूनही बाबांचाच हात चुकला असं समजतात.

दुसऱ्या सेमिस्टरला कळलं. पाट्याच्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास, साध्या लोखंडात त्याच्या निम्म्याहून कमी. असं पोलाद जोडाच्या काठाला झटकन थंड झालं की ठिसूळ होतं, रॉडमधल्या ओलीचा हायड्रोजन तिथं शिरतो, अन् भेग लगेच पडत नाही. तासांनी पडते, कधी दोन दिवसांनी. म्हणून असे जोड तपासायला 48 तास थांबतात. त्या दिवशी माझ्या वहीत नुसती तारीख आहे.

तर हे प्रायश्चित्त? तसंही म्हणवत नाही. गेल्या वर्षी दोस्तांना सांगत होतो, गावात परत येईन, असे जोड होऊ देणार नाही. पण आमच्या दुकानात ओल घालवायला रॉड भाजायची भट्टी नाही. अन् पाटा आधी दोन-अडीचशे डिग्री तापवतो म्हटलं की गिऱ्हाईक ट्रॉली घेऊन पलीकडच्या दुकानात जाते. तेव्हाच्या मला हे माहीत असतं तरी मी पाणी ओतलंच असतं, असं कधी कधी वाटतं.

दिवाळीत बाबांनी पहिल्यांदा विचारलं, "पाणी नसतं टाकलं तं टिकला असता का रे?"

"तरी तुटलाच असता, बाबा."

पुस्तकात "तुटण्याची शक्यता" एवढंच लिहिलं आहे.