फेझ, डगणे आणि जग्गलिल्ल

आज खानापुरात दहावीच्या मुलांबरोबर इंग्रजी पेपरातली क्रिकेटची बातमी वाचत होतो. ‘बाउन्सर्स डिड नॉट फेझ हर’ या वाक्यावर सगळे अडले. त्यांना टप्प्याचा ‘फेज’ वाटला. उच्चार तोच, पण हे क्रियापद वेगळं: एफ, ए, झेड, ई. अर्थ, एखाद्याला बिचकवणं, गांगरवून टाकणं. हुसकावणं, घाबरवणं अशा अर्थाच्या ‘फीझ’ या जुन्या बोलीशब्दातून ते आलं आणि 19व्या शतकात अमेरिकेत रुळलं.

मला त्याचा वापर फार आवडतो. ते बहुधा नकारातच येतं. होकारात त्याच अर्थाची रॅटल किंवा अनसेटल ही क्रियापदं जास्त चालतात. आपलं ‘डगणे’ तसंच नाही का? ‘ती डगली’ सहसा कोण म्हणतं? ‘डगली नाही’, ‘न डगता’ हेच कानावर येतं.

एवढं सांगेपर्यंत घरी मराठी नि गल्लीत कन्नड बोलणारी एक मुलगी म्हणाली, “सर, जग्गलिल्ल!” हा कन्नड शब्द. धमकीला जग्गलिल्ल, म्हणजे बधला नाही. अगदी नेमकं! आपल्या सीमाभागातल्या पोरांकडे तीन भाषांचं हे धन आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

फरक एकच, तो मात्र पक्का धरा. मराठीत डगतो तो माणूस कर्ता. इंग्रजीत कर्ता बाउन्सर. म्हणून ‘शी डिड नॉट फेझ’ चूक, ‘शी वॉज नॉट फेझ्ड’ बरोबर. नुसतं ‘अनफेझ्ड’ म्हटलं तरी चालतं.