५.१ ची नोंद, भाग ३: मागचा डावा रुसला होता

घरातल्या ५.१ होम थिएटरबद्दल (पाच स्पीकर आणि बाससाठी एक सबवूफर) मागच्या नोंदीत ‘सराउंड सुरू झाले, आता फक्त वायरी झाकायच्या’ असं मी थाटात लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेतो.

ज्यांना सेटअप आठवत नसेल त्यांच्यासाठी: पुढचे दोन आणि मधला सेंटर एकाच मालिकेतले, मागे सराउंड म्हणून जुन्या म्युझिक सिस्टिममधले छोटे बुकशेल्फ स्पीकर, ८ इंची सबवूफर आणि रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर) दोन्ही सेकंडहँड. पैसे वाटताना सेंटरला मुद्दाम झुकतं माप दिलं, कारण सिनेमातले बहुतेक संवाद तिथूनच येतात. मागच्यांच्या वाट्याला पाऊस, गर्दी, वारा. तिथे जुनं चालतं, हे मत अजून बदललेलं नाही.

पण चालत नव्हतं. पडद्यावर पाऊस लागला की तो आजूबाजूला पडायचा नाही, नुसता डोक्यात घोंघावायचा. आधी कोनावर संशय. ५.१ मध्ये सराउंड समोरून मोजून ९० ते ११० अंशांवर ठेवा, असं डॉल्बी सांगतं, म्हणजे कानाच्या रेषेत किंवा जरा मागे. माझे मागच्या भिंतीच्या फळीवर, पार १४० ला. स्टँडवर घेऊन १०५ ला आणले. किंचित बरं वाटलं, पण दुखणं तेच.

खरं तर कॅलिब्रेशन (माइकने आवाज मोजून स्पीकरची जुळवणी) करताना रिसीव्हरने मागच्या डाव्यासमोर ‘फेज’चा, म्हणजे वायरी उलट जोडल्याचा, इशारा दाखवला होता. भिंतीवरून आवाज परतला की हा इशारा उगाचही येतो, म्हणून मी शहाणपणाने ‘दुर्लक्ष करा’ दाबलं.

शेवटी दोन्ही सराउंड, वायरी न काढता, सोफ्यामागे वीतभर अंतरावर समोरासमोर ठेवले आणि दोन्हींतून एकच मोनो गाणं लावलं. बास गायब! जणू कुणी गाण्याचा तळच काढून घेतला. एकाच्या मागच्या लाल-काळ्या वायरींची अदलाबदल केली, आणि ड्रम एकदम भरून आला. म्हणजे एक कुठेतरी उलटा होता. मग दीड व्होल्टचा सेल घेतला: धन टोक लाल टर्मिनलला, ऋण काळ्याला, क्षणभरच टेकवायचं. स्पीकरचा शंकू बाहेर आला तर जोडणी सुलटी. दोघांचेही बाहेर आले. स्पीकर निर्दोष सुटले.

गुन्हेगार सोफ्याखाली होता. डावी वायर मीटरभर कमी पडली म्हणून मी मध्ये जोड दिला होता. या वायरीच्या एका पदरावर बारीक उभी रेघ असते, बोटाला लागते. मी रेघवाला पदर साध्याला जोडून वर टेप गुंडाळली होती. दोन्ही टोकं दहादा तपासली, मधला जोड एकदाही नाही. सुलटा केला, कॅलिब्रेशन पुन्हा घेतलं, इशारा आला नाही. पाऊस आता सोफ्याच्या दोन्ही बाजूंना पडतो.

त्याच उत्साहात सबवूफरही हलवला. कोपऱ्यात तो एकाच सुरावर गुरगुरायचा. समोरासमोरच्या भिंतींमध्ये कोणता सूर घुमतो ते खोलीच्या लांबीवरून काढलं. खोलीची लांबी ४.३ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. ३४३ भागिले लांबीची दुप्पट, म्हणजे साधारण ४० हर्ट्झ. गुरगुर तिथलीच. म्हणून सबवूफर सोफ्यावर, माझ्या जागी बसवला, आणि मी बास ऐकत जमिनीवर रांगत फिरलो. (‘बाबा, काय हरवलं?’) पुढच्या भिंतीच्या डाव्या तिसऱ्या हिश्शात बास सगळ्यात सपाट ऐकू आला, तिथेच आता सबवूफर आहे. क्रॉसओव्हर (ज्याखालचा बास सबवूफरकडे जातो ती मर्यादा) पुढच्यांना ८०, मागच्या छोट्यांना १०० हर्ट्झ.

सेंटर अजून कॅबिनेटच्या कप्प्यात आहे, आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढून तोंड कानाकडे उचलायचंय. आणि ४० च्या आसपास शोकेसची काच थरथरते. सध्या पुठ्ठ्याची घडी कोंबली आहे.